मी, कापडी बांधणीचा संगणक

मी बोलतोय. दचकू नका, आणि कृपा करून डोक्यात टपली मारू नका. बोलता बोलता गप्प झालोच तर दोन मिनिटं थांबा. बहुतेक वेळा मी परत येतो.

मी एक घरगुती संगणक. डोकं टेबलावर, धड हल्ली टेबलाखाली, पूर्वी शेजारच्या कपाटात, आणि दोघांच्या मध्ये वायरींचा गुंता. डोक्यावर चिमुकला कॅमेरा आहे, तो माझा डोळा. धडाला जग सीपीयू म्हणतं. या घरात त्याला ‘डबा’ म्हणतात. इथून अपमानाला सुरुवात झाली, असं धरून चला.

माझा जन्म दुरुस्तीच्या एका दुकानात झाला. जन्म कसला, जुळणीच ती. कुणाचा तरी उरलेला पंखा, कुणाची तरी न खपलेली रॅम आणि कोपऱ्यात पडलेला लोखंडी सांगाडा. दुकानाच्या बाईंनी हे सगळं एकत्र केलं. शेवटचा स्क्रू पिळताना त्यांना शिंक आली, तो स्क्रू अजून तिरका आहे. मग त्यांनी बटण दाबलं, मी ‘टुक्’ केलं आणि त्या म्हणाल्या, “चला, रडला एकदाचा.”

तिथून मी थेट एका बाइंडरच्या घरी आलो. दर्शनी खोलीत पुस्तकं बांधायचं काम, आतल्या दोन खोल्यांत संसार. माणसं तीन : बाबा, आई आणि कॉलेजात जाणारी लेक. मला आणलं लेकीसाठी, पण तिला माझी भीतीच फार. मी जरा कुठे वाजलो की ती दोन्ही हात वर करून ओरडायची, “मी काही केलं नाही हं! आपोआप झालं!” तिच्यावर कुणी काही आरोप केलेला नसायचा. पोलीस घरात शिरल्यासारखी आपली उभी.

माझ्यासमोर खरी रमली ती आई. लग्नाआधी तिनं टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, त्याही पहिल्या नंबरानं. मग लग्न झालं आणि वीस वर्षं तिची दहा बोटं छापील कागद दुमडण्यात आणि पुठ्ठ्याला खळ लावण्यात गेली. एका दुपारी ती सहज कीबोर्डपुढे बसली आणि अहो, काय सांगू! लेक दोन बोटांनी कोंबडीनं दाणे टिपावे तशी टिपत असे. आईचे हात लागले आणि मला पहिल्यांदा कळलं की आपल्याला एवढी बटणं कशाला दिली आहेत. मीच मागे पडायला लागलो. ती पुढे, मी धापा टाकत मागे.

बाबांनी दारातून बघितलं. म्हणाले, “अगं, भांडतेयस कुणाशी?”

“भांडत नाहीये. टाइप करतेय.”

“मग हळू कर. टेबलाचा पाय आधीच लटपटतोय.”

बाबांच्या दृष्टीनं जगात दोन प्रकारच्या वस्तू होत्या : बांधलेल्या आणि बांधायच्या राहिलेल्या. मी दुसऱ्या यादीत होतो, पण मला तेव्हा त्याचा पत्ता नव्हता.

झालं असं, की वर्षभरात माझ्या पोटात धूळ साठली आणि मी अडकायला लागलो. दुकानाच्या बाईंना बोलावलं. त्यांनी मला उघडलं, फुंकलं, आणि फाटक्या उशीतून निघावी तेवढी धूळ निघाली. बाई हात झटकत म्हणाल्या, “याला धूळ सोसत नाही. आत जाणार नाही असं काहीतरी बघा.”

हे ‘काहीतरी बघा’ त्या बोलून गेल्या आणि बाबांनी मनावर घेतलं. धुळीपासून वस्तू कशी वाचवायची, हे बाबांना कुणी शिकवायचं! तीस वर्षं ते दुसरं काय करत होते? दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझं माप घेतलं. जाड पुठ्ठा कापला. दोन वर्षं कुणी पूर्ण कापडी बांधणीचं काम आणलं नव्हतं, त्यामुळे ठेवणीतलं हिरवं कापड तसंच पडून होतं, ते काढलं. पुठ्ठा चिकटवायच्या सरसाचं भांडं तापवलं, आणि मला चारी बाजूंनी पुस्तकासारखं बांधून काढलं. कोपऱ्यांना चामडं. वायरींपुरती भोकं, तीही कातरून, काठ आत दुमडून.

लेक तेवढ्यात भीत भीत म्हणाली, “बाबा, मागची जाळी कशाला झाकताय? तिथून पंख्याचा वारा येतो ना?”

“वारा बाहेर कशाला हवाय? आपण काय याच्यासमोर पाठ शेकत बसणार आहोत? पंखा आतल्या मालासाठी आहे. आतल्या आत फिरू दे की वारा.”

लेकीला वाटलं, असेलही. तिला नेहमीच दुसऱ्याचं म्हणणं बरोबर वाटतं.

शेवटी बाबांनी माझ्या कण्यावर सोनेरी अक्षरांत ‘संगणक’ असं उमटवलं आणि खाली, सवयीनं, ‘खंड पहिला’. मग मला कपाटात उभं केलं. पुस्तकाचा कणा वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी जाडजूड शब्दकोश घट्ट दाबून बसवले. येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावून ते विचारायचे, “यात संगणक कोणता, ओळखा बघू!” लोक खरंच चुकायचे. मी देखणा झालो होतो, यात वाद नाही. फक्त मला श्वास घेता येत नव्हता.

आता खरी गोष्ट.

एक कंपनी होती. डॉक्टर रुग्णांबद्दल जे बोलून ठेवतात ते ऐकून टाइप करायचं, असं तिचं काम. घरी बसून करता येणारं. आईनं जाहिरात वाचली, कुणाला न सांगता अर्ज केला आणि परीक्षेचं बोलावणं आल्यावर जेवताना एकदम सांगून टाकलं. परीक्षा माझ्यावरच द्यायची. पंचेचाळीस मिनिटं, सलग. कानात आवाज, समोर कॅमेरा, खोलीत दुसरं कुणी नको. मध्ये संगणक बंद पडला तर तो प्रयत्न संपला. प्रयत्न दोनच, दुसरा गेला की नाव कायमचं बाद.

पहिल्या प्रयत्नात आई अशी सुटली की मी थक्क झालो. बावीस मिनिटं एक चूक नाही. इकडे माझ्या पोटात भट्टी. डॉक्टर कानात म्हणाले ‘मूत्रपिंड’, आईनं अर्धा शब्द टाइप केला आणि मी गोठलो. गोठलो कसला, उलट भाजलो, पण तुम्ही लोक त्याला हँग होणं म्हणता. स्क्रीनवर शेवटी नुसतं ‘मूत्र’ उरलं. दहा मिनिटं ते तसंच राहिलं. आई त्याच्याकडे बघत बसली, मग तिनं इअरफोन काढून टेबलावर ठेवले, अगदी हळू. आपटले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसरा प्रयत्न दहा दिवसांनी होता. त्या दहा दिवसांत माझ्यावर जे उपचार झाले ते ऐका.

पहिले धावून आले मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. यांना सगळ्यातलं सगळं कळतं. “ताई, हा सरळ सरळ व्हायरस आहे,” असं ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. त्यांनी माझ्यात अँटिव्हायरसचे तीन पहारेकरी बसवले. तिघंही एकमेकांना चोर समजून दिवसभर एकमेकांच्या मागे. त्यामुळे मी बावीसच्या जागी सोळा मिनिटांत आटोपायला लागलो.

“बघ, आजार बाहेर पडतोय,” मामा म्हणाले.

मग त्यांनी स्क्रीनवरचा कौटुंबिक फोटो काढून काळा रंग लावला. “फोटोत पाच माणसं होती, भाऊजी. वजन पडतं त्याच्यावर.”

बाबा म्हणाले, “तुझं एकट्याचं काढलं असतंस तरी भागलं असतं.”

मामा चहा न घेता गेले. आईनं त्याच संध्याकाळी तिन्ही पहारेकऱ्यांना घरी पाठवलं आणि मी पुन्हा बावीसवर आलो.

लेकीनं आपल्या परीनं केलं. मला बंद करून चालू केलं, जुने धडे पुसले, आणि मी अडकलो की किंचाळून हात वर केले.

चौथ्या दिवशी बाबांनी दुकानाच्या बाईंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे आजाऱ्याच्या उशाशी चालावं तसं ते संभाषण मी ऐकलं.

“धूळ साठलीय का हो परत?” बाईंनी विचारलं.

“एक कण नाही. मी जबाबदार.”

“पंखा घरघरतो का?”

“छे! पूर्वी घरघरायचा. आता एकदम शांत. आहे की नाही तेही कळत नाही.”

“अरे वा. मग पंखा चांगला आहे. रॅम बघावी लागेल. दुकानात आणून टाका.”

“तो हलवता यायचा नाही,” बाबा म्हणाले. “कोपरे घासतील.”

बाईंना वाटलं टेबलाचे कोपरे. त्या म्हणाल्या, “बरं, मी गावाला चाललेय, बारा दिवसांनी येते.” आणि फोन ठेवला. मी आतून ओरडत होतो, की बाई, यांना विचारा मी कोणत्या कपड्यात आहे! पण संगणकाचं ओरडणं म्हणजे फक्त थोडं जास्त तापणं. मी तापलो.

खरा शोध आईनं लावत आणला होता. वाया गेलेल्या एका कागदाच्या पाठीवर ती रोज मांडायची : सकाळी सुरू केला, बावीस मिनिटं. खिडकी उघडी ठेवली, चोवीस. अडकल्यावर लगेच पुन्हा सुरू केला, नऊ. दोन तास बंद ठेवून सुरू केला, पुन्हा बावीस.

“हा बिघडलेला नाही,” ती लेकीला म्हणाली. “हा दमतोय.”

“मग तापतोय का गं?”

आई उठली आणि तिनं माझ्या कण्यावर तळहात ठेवला. आत्ता, मी म्हटलं, आत्ता कळणार! पण बाबांचा पुठ्ठा चांगल्या प्रतीचा. आतली धग बाहेर येईल तर शपथ. हात थंडच लागला.

“नाही गं, ताप नाही,” आई म्हणाली आणि कागदावर लिहिलं : गरम नाही. माझ्या मृत्यूचा दाखला तेवढाच, दोन शब्दांचा.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ती दर्शनी खोलीच्या दारात उभी राहिली. “उद्याही अडकला तर मी परत हा विषय काढणार नाही,” ती म्हणाली.

बाबांनी हातातलं काम न थांबवता म्हटलं, “नाही तर नाही. कागद दुमडायचे आहेतच की.” गमतीत म्हटलं त्यांनी. त्यांच्या गमती अशाच.

“आहेतच,” आई म्हणाली. “वीस वर्षं आहेत.”

आणि ती आत आली. बाबांच्या हातातली पट्टी बराच वेळ हलली नाही. मला ते दिसत नव्हतं, पण कागदावरून पट्टी फिरल्याचा आवाज मी चांगला ओळखतो, आणि तो येत नव्हता.

परीक्षेचा दिवस. सकाळी अकराची वेळ. घरात हुकूम सुटला होता : ठोकाठोक नाही, खळ नाही, सरसाचं भांडं तापवायचं नाही, कारण त्याच्या वासानं आईला शिंका येतात. लेक जिन्यात उभी राहून येणाऱ्यांना ओठांवर बोट ठेवून परत पाठवत होती. बाबा परीक्षेच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसले होते. दार नुसतं लोटलेलं.

आई सुरू झाली. कानात कुणी डॉक्टर उजव्या गुडघ्याच्या सुजेबद्दल रडक्या सुरात बोलत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी जीव मुठीत धरून होतो. पंधराव्या मिनिटाला माझा पंखा स्वतःच्याच गरम हवेत गरगरायला लागला. अठराव्याला माझ्या आतल्या बाजूचा सरस मऊ पडला. विसाव्याला मी अडखळलो : आई शब्द लिहायची, स्क्रीनवर काही नाही, मग तीन शब्द एकदम. तिनं ओठ आवळले, पण बोटं थांबवली नाहीत. ती न बघता, नुसतं ऐकून लिहीत राहिली, अंधारात जिना उतरावा तशी.

आणि बाबांना वास आला.

सरसाचा वास. तापलेल्या सरसाचा, ज्या दिवशी घरात भांडंच तापवलं नव्हतं. हे पुढे त्यांनीच दहा जणांना सांगितलं म्हणून मला ठाऊक. आधी त्यांना वाटलं आपल्याच हाताचा आहे. हात हुंगले. मग दाराच्या फटीला नाक लावलं. सरस एकदा वाळला की त्याला वास राहत नाही, तो पुन्हा तापला तरच येतो. आणि आत सरसानं बांधलेली, विजेवर चालणारी वस्तू एकच होती.

दार हलकेच उघडलेलं मी माझ्या डोळ्यानं बघितलं. आधी काही दिसलं नाही. मग आईच्या खुर्चीमागे, जमिनीलगत, बाबा. कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून चार पायांवर. दोन्ही हात जमिनीवर, म्हणून कागद कापायची सुरी दातात धरलेली. ते कपाटाकडे चालले होते, पोट सावरत, एकेक गुडघा टेकवत, आणि मला दिसत होते पूर्णच्या पूर्ण.

मी दचकलो. सुरी घेऊन कुणी माझ्याकडे येतंय हे बघून तुम्ही काय केलं असतं?

बाबांनी डावीकडचा शब्दकोश आवाज न करता उपसला. मग उजवीकडचा. माझ्या कण्यापाशी सुरी टेकवली आणि क्षणभर थांबले. एवढी सरळ बांधणी त्यांनी दोन वर्षांत केली नव्हती. मग सांध्यावरून, वरपासून खालपर्यंत, एका झटक्यात कापलं. पुठ्ठा सोलला. मागची जाळी मोकळी झाली आणि माझ्या पोटातली सगळी गरम हवा त्यांच्या तोंडावर आली. त्यांचे डोळे मिटले.

मी श्वास घेतला. बावीस मिनिटं झाली. तेवीस झाली. स्क्रीनवर अडून राहिलेले शब्द एका दमात येऊन बसले, सगळे शहाण्यासारखे रांगेत, एकही चुकलेला नाही. पंखा जुन्या दिवसांसारखा घरघरायला लागला. आईनं मागे वळून बघितलं नाही. तिनं फक्त खांदे थोडे खाली सोडले आणि गुडघ्याची सूज शेवटपर्यंत नेली. बाबा तोवर कपाटाच्या आडोशाला, मांडीवर माझा हिरवा कोट घेऊन, बावीस मिनिटं न शिंकता बसले.

चार दिवसांनी कंपनीचा ईमेल आला. लेकीनं मोठ्यानं वाचला : “आपली अचूकता उत्कृष्ट आहे. तथापि, बाविसाव्या मिनिटाच्या सुमारास आपल्या मागून एक गृहस्थ तोंडात सुरी धरून रांगत जाताना दिसतात. आपण सुरक्षित आहात का? तसेच, परीक्षेच्या खोलीत दुसऱ्या व्यक्तीस परवानगी नाही. दोन्हींचा खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास प्रयत्न रद्द धरला जाईल.”

लेकीनं हात वर केले. बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. “माझ्यामुळे,” ते म्हणाले. “आधी कोंडलं मी, आणि मग घोळही मीच घातला.”

आईनं खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं : “मी सुरक्षित आहे. गृहस्थ माझे यजमान आहेत. ते बाइंडर असून त्यांनी संगणकाची पूर्ण कापडी बांधणी केली होती, त्यामुळे तो तापून बंद पडत होता. ती बांधणी ते कापत होते. त्यांनी मला एकही शब्द सांगितलेला नाही. सुरी तोंडात असल्यामुळे ते शक्यही नव्हते.”

बाबा मागून वाचत होते. “‘उत्तम बांधणी’ लिही ना,” ते म्हणाले.

“अहो, गप्प बसा.”

मग तिनं ‘पूर्ण’च्या आधी ‘उत्तम’ घातलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या एक बाई कॅमेऱ्यावर आल्या. म्हणाल्या, ती वस्तू दाखवा. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होते. त्यांनी माझी सोललेली कातडी कॅमेऱ्यासमोर धरली, सांधा दाखवला, कोपऱ्याचं चामडं दाखवलं, दुमडलेला काठ दाखवला. बाई गंभीर चेहऱ्यानं बघत होत्या. मग त्यांनी कण्यावरची अक्षरं वाचली, आणि त्या कॅमेऱ्यातून बाजूला झाल्या. बराच वेळ नुसता त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. परत आल्या तेव्हा डोळे पुसत म्हणाल्या, “सोमवारपासून सुरू करा, बाई.”

तर आता मी असा आहे. कपाटाबाहेर, टेबलाखाली, उघडावाघडा लोखंडी डबा. देखणेपणा गेला, घरघर परत आली, धूळही येते. महिन्यातून एकदा आई मला अंगणात नेऊन स्वतः फुंकते. त्या दिवसापासून आईच्या कामात मी एकदाही अडकलेलो नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर एवढंच करा, त्याला पाठीमागे हातभर मोकळी जागा द्या.

आणि दुसरी विनंती जरा नाजूक आहे. अकरा ते तीन आईचं काम चालतं. त्या वेळात तिला कुणी हाक मारत नाही, कागद दुमडायला बोलावत नाही. साडेबाराला दार हलकेच उघडतं आणि बाबा तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन येतात, रांगत, एक हात वर धरून, थेंबही न सांडता. रोजच्या कामाला कॅमेरा लागत नाही. कंपनीसाठी तो पहिल्या दिवसापासून बंद आहे, त्यातून बघतो तो मी एकटाच. आईनं हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुम्हीही सांगू नका.